एक भाडं, तीन आकडे : कोथरूड ते पुणे स्टेशन

२०२५ च्या जुलैमधला शनिवार, सकाळचे साडेसात. आईला सोलापूरच्या गाडीत बसवायचं होतं. सोबत दोन बॅगा आणि कैरीच्या लोणच्याची एक बरणी. ही बरणी ती बॅगेत ठेवू देत नव्हती आणि माझ्याही हातात देत नव्हती. वनाजहून मेट्रो थेट स्टेशनला जाते, हे मला ठाऊक आहे. तो मुद्दा घरात आदल्या रात्रीच निकालात निघाला होता.

एका ॲपवर गाडी मागवली. कोथरूड डेपो ते पुणे स्टेशन, नऊ किलोमीटर, १७२ रुपये. दोन मिनिटांत चालकाचा फोन आला. पुण्यात हा फोन येतोच, आणि त्यात ठरलेले दोन प्रश्न असतात. कुठं जायचंय, आणि कॅश की ऑनलाइन? या वेळी तिसरं वाक्य आलं. “दादा, ॲपवर दिसतंय ते भाडं परवडत नाही. कलेक्टरच्या रेटनं देणार असाल तर येतो, नाहीतर तुम्ही राइड कॅन्सल करा.”

शेवटची ओळ नीट ऐकण्यासारखी आहे. ‘मी कॅन्सल करतो’ असं तो म्हणाला नाही. त्यानं राइड सोडली तर त्याच्या आयडीवर शेरा बसतो, म्हणून नकार माझ्या बोटानं जायला हवा होता. मी चिडलो. माझ्या टॅक्सीशी कलेक्टरचा काय संबंध, असंही बोलून गेलो. पण पाऊस होता, आईनं चपला घातल्या होत्या, गाडी कोपऱ्यावर उभी होती. आम्ही बसलो. पुढच्या सीटच्या पाठीला लॅमिनेट केलेला दरतक्ता दोऱ्यानं बांधलेला होता. त्याप्रमाणे हिशोब झाला २२५ रुपये.

म्हणजे ५३ रुपयांचा फरक. हे प्रकरण त्या ५३ रुपयांचं आहे. पुण्यातल्या प्रवासी वाहतुकीत गेल्या दहा वर्षांत जे काही झालं, ते एवढ्याशा रकमेत कसं येऊन साचलं, ते उलगडून पाहिलं पाहिजे.

आधी रिक्षा, मग बाकीचं

मुंबईसारखी काळी-पिवळी टॅक्सी पुण्याच्या रोजच्या जगण्यात कधी नव्हती. टॅक्सी म्हटलं की जुन्या पुणेकराला स्टेशनवरून दादरला जाणारी आठवते. गावात फिरायचं तर रिक्षा, लग्नाला किंवा देवाला जायचं तर ट्रॅव्हल्सवाल्याची सुमो नाहीतर इंडिका, आणि आयटीतली मंडळी कंपनीच्या गाडीनं हिंजवडीला. त्यामुळे ‘ॲपनं पुण्यातली टॅक्सी मारली’ हे वाक्य इथं लागू पडत नाही. पुण्यात टॅक्सीचा धंदा ॲपनंच उभा केला, आणि तो उभा राहिला तो रिक्षाच्या अंगणात.

त्याला जागा मिळाली याचं श्रेय रिक्षावाल्यांना द्यायला हवं. संघटनांना हे ऐकायला आवडत नाही, पण ज्यानं लक्ष्मी रोडवर हातात पिशव्या घेऊन चार रिक्षांना “काका, येणार का?” विचारलंय आणि चारही माना नुसत्या हललेल्या पाहिल्यात, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ‘तिकडून भाडं मिळत नाही.’ ‘गॅस भरायचाय.’ ‘जेवायला चाललोय.’ रात्र झाली की ‘हाफ रिटर्न’, म्हणजे मीटरच्या दीडपट. नियमातली वाढ मात्र रात्री बारा ते पाच सव्वापटच. सामान असलं, पाऊस असला, बरोबर म्हातारं माणूस असलं की आकडा तोंडी ठरायचा. ॲप आलं तेव्हा पुणेकर स्वस्ताईपेक्षा जास्त खूश झाला तो नकार ऐकावा लागत नाही म्हणून. नकार पुढं फोनवरून परत आला, ते नंतरचं.

रिक्षावाल्याची बाजूही तितकीच खरी आहे. त्याचा दर तो ठरवत नाही. ठरवतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, आणि त्याचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. (माझ्या टॅक्सीशी कलेक्टरचा संबंध तो हा. चालकाला कायदा माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.) १ सप्टेंबर २०२२ पासून पुण्यात रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढं किलोमीटरला १७ रुपये झालं. त्याआधी ते २१ आणि १४ होतं. त्याच वर्षी राज्यानं सीएनजीवरचा मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तरी काही महिन्यांत सीएनजीनं पुण्यात नव्वदी ओलांडली. गॅस पंपावर बदलतो, मीटर बैठकीत बदलतं. आणि त्याच्याही आधी, २०१७ च्या जूनमध्ये, रिक्षा परवान्यांवरची मर्यादाही उठली होती. मागेल त्याला परवाना. रस्त्यावर रिक्षा वाढल्या, पॅसेंजर तेवढे वाढले नाहीत, आणि वाढलेल्यांपैकी बरेच फोनमध्ये बघत उभे.

स्टँडचा नंबर

या बदलात जे मोडलं त्याची नोंद फारशी कुणी घेतलेली नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

रिक्षा स्टँड म्हणजे नुसती उभी राहायची जागा नव्हती. तिथं नंबर असायचा. जो आधी आला तो आधी भाडं घेणार, मग ते स्वारगेटचं असो की शेजारच्या गल्लीतलं. जवळचं भाडं आलं म्हणून मागच्याच्या गळ्यात मारायचं नाही, निदान चार लोकांसमोर तरी नाही. स्टँडवर फळा, फळ्यावर संघटनेचं नाव, गणपतीची वर्गणी, कुणाचा अपघात झाला तर गोळा केलेले पैसे. हमाल पंचायत उभी करणाऱ्या बाबा आढावांनी रिक्षा पंचायत बांधली ती अशा स्टँडांच्या जोरावर. एकटा रिक्षावाला कुणाशी बोलणार? स्टँड बोलू शकत होता.

ॲपला नंबर कळत नाही. त्याला अंतर कळतं, आणि चालकानं आधी किती राइड नाकारल्या ते कळतं. स्टँडवर तिसऱ्या नंबरला उभा असलेला, फोनवर ‘टिंग’ वाजताच निघून जातो आणि पहिल्या नंबरचा, साठीतला, साधा फोन बाळगणारा, तिथंच. आमच्या घराजवळच्या स्टँडवर एक काका होते. तीस वर्षं रिक्षा. मुलानं स्मार्टफोन घेऊन दिला, पण राइड स्वीकारायला जे पंधरा-वीस सेकंद मिळतात त्यात चष्मा सापडायचा नाही. आता ते सकाळी शाळेची मुलं सोडतात आणि दुपारनंतर गाडी उभी. हल्ली त्याच स्टँडवर विचारलं तर समोर बसलेला तरुण चालक सांगतो, “ॲपवरून बुक करा ना, मीच येईन.” त्याच्यापासून दोन हातांवर उभं राहून मी बंगळूर नाहीतर गुरुग्रामच्या कंपनीला विचारायचं की याला माझ्याकडे पाठवा. एकदा मी खरंच तसं केलं, आणि दुसरीच रिक्षा आली.

गाडीचा हप्ता

चारचाकीवाल्यांची गोष्ट वेगळी, आणि आपल्याकडे ती बऱ्यापैकी सांगून झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत ठरावीक राइड पूर्ण केल्या की कंपनीकडून वर इन्सेंटिव्ह मिळायचा. त्या हिशोबावर अनेकांनी कर्जानं गाड्या काढल्या. कुणी गावाकडची जमीन विकली, कुणी ड्रायव्हरची पगारी नोकरी सोडली. चालक पुरेसे झाले, इन्सेंटिव्ह आटला, हप्ता तेवढाच राहिला. मार्च २०१८ मध्ये मुंबई-पुण्यात संप झाला तो यावरून.

माझा चालक याच पिढीतला. गाव बार्शीकडं. कर्वे रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा आईनं त्याला विचारून घेतलं, कारण सोलापूर जिल्हा म्हटल्यावर ती गप्प बसणं शक्य नव्हतं. गाडी फिटायला अजून चौदा हप्ते. “मावशी, गाडी माझी म्हणतात सगळे,” तो म्हणाला, “पण सकाळी उठल्यावर बँकेची, दिवसभर ॲपची. रात्री धुताना तेवढी माझी.”

परवाना कुणाकडं आहे?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ‘समुच्चयक’ ही नवी जात कायद्यात आली. प्रवासी आणि चालक यांना डिजिटल माध्यमातून जोडून देणारा, असा त्याचा अर्थ. अशा कंपनीनं कलम ९३ खाली परवाना घ्यायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्यानं आपले नियम करायचे होते. ते लांबत गेले, आणि त्या लांबण्यात पुढचं सगळं घडलं.

मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘जैसे थे’ ठेवलं. त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात बाइक टॅक्सीवरून भडका उडाला. २८ नोव्हेंबरला रिक्षा बंद, आरटीओसमोर संगम पुलापाशी रिक्षांच्या रांगा. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी दुचाकी कुणीही पॅसेंजर नेण्यासाठी वापरतो, मग आमचा बॅज, परवाना, पासिंग कशाला, असा सवाल होता. प्रश्न बिनतोड होता. २१ डिसेंबरला पुण्यात बाइक टॅक्सी चालवणाऱ्या रॅपिडो कंपनीचा परवान्याचा अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं सेवा थांबवायला सांगितलं आणि ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानंही दिलासा नाकारला. रिक्षावाल्यांचा हा स्वच्छ विजय. पण त्या दिवसांत बस न मिळालेल्या कॉलेजच्या पोरांपैकी रिक्षावाल्यांच्या बाजूनं बोललेलं एकही मला भेटलं नाही. राग जुना होता.

मग आली चारचाकींची पाळी. १ जानेवारी २०२४ पासून पुण्याच्या प्राधिकरणानं वातानुकूलित टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढं किलोमीटरला २५ रुपये असा दर लागू केला. सीटमागचा तक्ता तो हाच. ॲपवरचे आकडे हलले नाहीत. फेब्रुवारीत चालकांनी संप केला. मार्चमध्ये प्राधिकरणानं ओला आणि उबर यांचे परवान्याचे अर्ज अटी पूर्ण नाहीत म्हणून नामंजूर केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी गाडी मागवली आणि ती आली. परवाना नाकारलेली सेवा पुण्यात चालूच राहिली. ती बंद करणं कुणाला झेपलं असतं, हाही प्रश्नच आहे.

एवढं झाल्यावर चालकांनी वेगळा मार्ग धरला. राइड ॲपवरून घ्यायची, पैसे सरकारी दरानं मागायचे. २०२५ मध्ये इंडियन गिग वर्कर्स फ्रंट या ॲपवरून काम करणाऱ्यांच्या संघटनेनं त्यासाठी ‘ओन्लीमीटर’ हे संकेतस्थळ पुढं आणलं. अंतर टाका, सरकारी भाडं बघा. संप करून गाडी उभी ठेवली तर हप्ता थकतो. हा संप गाडी चालवत करता येतो. मला यातली हुशारी कबूल करावीच लागते, जरी त्याची किंमत त्या सकाळी मी मोजली.

नऊ किलोमीटरचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घेऊ. नऊ किलोमीटर, पैकी पहिले दीड वेगळे, उरले साडेसात.

रिक्षा : २५ अधिक साडेसात गुणिले १७, म्हणजे १५२ रुपये ५० पैसे. एसी टॅक्सी : ३७ अधिक साडेसात गुणिले २५, म्हणजे २२४ रुपये ५० पैसे. चालकानं २२५ मागितले, म्हणजे एक रुपयाही वर नाही.

पण मे २०२५ मध्ये राज्यानं ॲप टॅक्सींचं धोरण काढलं. त्यात मूळ दराच्या फार तर दीडपट घेता येईल आणि सवलत फार तर २५ टक्के देता येईल, असं म्हटलं. चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के मिळायला हवेत, असंही. तो पट्टा या दराला लावून पाहा. गर्दीच्या वेळी याच राइडचे सुमारे ३३७ रुपये होऊ शकतात, मोकळ्या वेळी १६८. ॲपनं मला दाखवलेले १७२ या पट्ट्यात बसतात. चालकाचे २२५ ही बसतात. आम्ही गाडीत बसून भांडत होतो तेव्हा दोघंही बरोबर होतो. एकाच प्रवासाच्या दोन रास्त किमती, आणि खालच्यापासून वरच्यापर्यंत दुपटीनं ताणता येणारा पट्टा.

आणखी एक वजाबाकी राहिली. १७२ मधले वीस टक्के कंपनीचे धरले तर चालकाच्या हाती १३७ रुपये साठ पैसे. तोच रस्ता रिक्षानं मीटरवर गेला असता तर रिक्षावाल्याला १५२ मिळाले असते. सहा-सात लाखांची एसी गाडी तीनचाकीपेक्षा कमी कमावते. आणि पॅसेंजरच्या बाजूनं पाहिलं तर रिक्षा आणि गाडी यांत वीसच रुपयांचा फरक, मग पावसात रिक्षा कोण घेईल? या एका सवलतीनं दोघांचंही भाडं खाली खेचलं. रिक्षावाल्याला वाटतं, गाडीवाल्यानं आपला धंदा नेला. गाडीवाल्याला वाटतं, रिक्षाच्या दरात आपल्याला पळवतात. स्टेशनबाहेर दोघं एकमेकांना शिव्या देतात.

‘मीटर’ या शब्दाचीही गंमत आहे. चालक म्हणतो मीटरनं द्या, पण गाडीत मीटर नाही. ॲपवरच्या बहुतेक गाड्या पर्यटक परवान्याच्या. तिथं मीटर लागतच नाही. रिक्षाचं मीटर सील केलेलं असतं, तपासलेलं असतं, आणि गाडी तुंबून राहिली तर थांबल्याचेही पैसे लावतं. टॅक्सीत किलोमीटर येतात ॲपच्या नकाशातून आणि दर येतो कलेक्टरकडून. ज्या कंपनीचं भाडं नाकारायचं, अंतर तिच्याच पडद्यावरून वाचायचं. आणि कर्वे रोडवर गेलेली पंचवीस मिनिटं त्या २२५ च्या हिशोबात कुठंच नाहीत. मला विचाराल तर सरकारी दरात पहिली दुरुस्ती हवी ती वेळेची. पुण्यात अंतर फार नसतं, वेळ जातो.

कमिशन गेल्यावर

रिक्षांच्या बाबतीत दरम्यान दुसरंच वळण आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरनं रिक्षांवरचं कमिशन बंद करून चालकाकडून वापराची फी घ्यायला सुरुवात केली. रॅपिडोनं हा रस्ता आधीच धरला होता, ओलानंही धरला. आता पैसे थेट चालकाच्या हातात किंवा त्याच्या क्यूआरवर. ॲपवरचं भाडं नुसतं सुचवलेलं. तक्रार केली तर कंपनी म्हणते, आम्ही फक्त गाठ घालून दिली.

चालकाला हे परवडतं. पण दहा वर्षांपूर्वी पुणेकर ज्या गोष्टीसाठी ॲपकडे गेला, ती म्हणजे आधी ठरलेलं भाडं आणि घासाघीस नाही, तीच यात सैल झाली. स्टँडवरचा सौदा फोनवर गेला, एवढंच. फरक असा की स्टँडवर निदान चार साक्षीदार असायचे.

२०२५ च्या नोव्हेंबरात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲप कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा गिग कामगारांच्या निधीत भरायचा, अशी तिच्यात तरतूद आहे. बार्शीच्या चालकापर्यंत त्यातलं काय आणि कधी पोचतं, ते त्याचे चौदा हप्ते फिटेपर्यंत दिसायला हवं.

परतीची रिक्षा

स्टेशनला उतरताना मी २२५ दिले. त्यानं बॅगा फलाटाच्या जिन्यापर्यंत आणल्या, बरणी आईनंच घेतली. पडद्यावर १७२ ची राइड पूर्ण झाली आणि कंपनीनं मला विचारलं, प्रवास कसा झाला. पाच तारे दिले. कशाचे, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

गाडी सुटल्यावर बाहेर आलो. स्टँडवर विचारलं, “कोथरूड?” पुढचा म्हणाला, “तीनशे.” मी बाजूला होऊन फोन काढला. ॲपवर रिक्षा मागवली. या वेळी आकड्याच्या जागी लिहिलं होतं, भाडं मीटरप्रमाणे. आली ती त्याच रांगेतली, मागून तिसरी. तीनशे म्हणणाऱ्यानं तिला वाट द्यायला आपली रिक्षा थोडी पुढं घेतली.

अलका चौकात दहा मिनिटं अडकलो. घराशी मीटर १६१ वर थांबलं. “ॲपवर किती दाखवत होतं?” चालकानं विचारलं. म्हटलं, काहीच नाही, मीटर म्हणत होतं. “मग बरंय,” तो म्हणाला. मी १७० पाठवले, त्यानं खिशातून नऊ रुपये शोधायला सुरुवात केली, सात सापडले.